दामूचं औषधपाणी: कामाचं सामान आणि दुकानातच राहू द्यावं असं सामान

आमच्या दामूला फेलाइन ल्युकेमिया आहे, म्हणजे विषाणूमुळे मांजरांना होणारा एक आजार. दामू म्हणजे बोका. वय अंदाजे तीन, रंग राखाडी-पांढरा, स्वभाव सरकारी. पुण्यात लेकीच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडला. तिच्या घरात आधीच दोन मांजरी, आणि हा आजार एका मांजराचा दुसऱ्याला लागतो, म्हणून साहेबांची बदली सांगलीला आमच्याकडे. मी एसटीत स्टोअरला होतो. नोकरीभर नट-बोल्टपासून क्लचप्लेटपर्यंत माल तपासून घेतला, त्यामुळे कोणती वस्तू कामाची आणि कोणती नुसती खोक्यावर चित्र छापलेली, हे बघायची खोड अजून गेलेली नाही. दामूसाठी जे जे घेतलं आणि ज्या ज्या दारात गेलो, त्याचं हे परीक्षण. वस्तू चांगली निघाली तिथं नाव घेतो. वाईट निघाली तिथं घेत नाही, या वयात वकिलाच्या नोटिसा घ्यायची हौस नाही.

पहिली खरेदी तपासणीची. ही लेकीनं पुण्यातच करून घेतली होती. रॅपिड किट म्हणतात. रक्ताचे दोन-तीन थेंब, वर एक द्रावण, आणि दहा-पंधरा मिनिटांत रेघ उमटते की नाही ते बघायचं. करोनाच्या वेळी आपण सगळ्यांनी नाकात काडी घालून हेच केलं. विषाणूचं पी-27 नावाचं प्रथिन रक्तात आहे का, एवढंच हे किट सांगतं. बहुतेक किटमध्ये शेजारच्या खिडकीत एफआयव्हीचीही तपासणी असते, म्हणजे मांजरांचा एड्स. खर्च हजार-दीड हजाराच्या घरात गेला. मांजर घरात आणायच्या आधी करायची ही गोष्ट आहे, आणि दत्तक देणाऱ्यांनी ती करून दिली नाही तर आपण हक्कानं मागायची. पिल्लू लहान आहे म्हणून थांबायचंही कारण नाही. ही चाचणी थेट विषाणूचा अंश शोधते, त्यामुळे आईच्या दुधातून आलेल्या प्रतिपिंडांनी ती फसत नाही. एफआयव्हीच्या खिडकीत मात्र तसा गोंधळ होऊ शकतो.

पण किटचा एक दोष सांगितलाच पाहिजे, कारण या दोषापायी मांजरं जिवानिशी जातात. एक रेघ म्हणजे निकाल नव्हे. काही मांजरांचं शरीर विषाणूला पुरतं हाकलतं, काहींमध्ये तो दबून राहतो, आणि काहींमध्येच वाढत जातो. पहिल्या दिवशीची रेघ यातलं काय ते सांगत नाही. म्हणून काही आठवड्यांनी परत तपासायचं, शक्य असेल तर प्रयोगशाळेत पीसीआर करायचं. दामूचा दुसरा निकालही तोच आला, पीसीआरनंही तेच सांगितलं. पण पहिल्या रेघेवरच एका दवाखान्यात लेकीला ‘झोपवून टाका, उगाच पैसे घालवू नका’ असा सल्ला मिळाला होता. दवाखान्याचं नाव घेत नाही. नुसती चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून मांजराला मारू नये, हे आता जगभरचे पशुवैद्य सांगतात. ग्लासगोमध्ये विल्यम जॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1964 साली हा विषाणू पहिल्यांदा दाखवला. इतक्या वर्षांनंतर तरी सल्ला जरा पुढचा हवा होता.

शेजारच्या वहिनींचा पहिला प्रश्न, ‘माणसांना होतो का हो?’ होत नाही. कुत्र्यालाही नाही. मांजराचा मांजरालाच, आणि तोही मुख्यतः लाळेतून: एकमेकांना चाटणं, एका वाडग्यात खाणं, चावाचावी, शिवाय आईकडून पिल्लांना. शरीराबाहेर हा विषाणू फार टिकत नाही, साध्या साबणानं मरतो. यावरून पुढच्या वस्तूचा निकाल लागतो. पेट शॉपमधलं ‘व्हायरस किलर’ फवारा-बाटलीतलं जंतुनाशक, किंमत एका आठवड्याच्या भाजीएवढी: नापास. दामूची भांडी भांड्याच्या साबणानं धुतो आणि उन्हात पालथी घालतो. उलट घरातलं फिनेल मी बंद केलं. फिनॉलच्या जातीची रसायनं मांजराच्या यकृताला पेलत नाहीत, आणि हा गडी ओल्या फरशीवरून चालून पाय चाटत बसतो. सौ.ना आधी पटलं नाही, त्यांच्या मते फिनेलचा वास आला नाही तर फरशी पुसलीच नाही. आता साबणाचं पाणी.

आता ज्या वस्तूसाठी हे लिहायला बसलो ती: स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक वजनकाटा. दहा किलोपर्यंतचा, एका ग्रॅमचा फरक दाखवणारा, पाच-सहाशे रुपयांत कुठल्याही भांड्यांच्या दुकानात मिळतो. मी गणपती पेठेतून आणला. याच्यावर मांजराचं चित्र नाही, डबीवर केकचं चित्र आहे. तरीही दामूच्या सगळ्या सामानात पहिला नंबर याचा. कारण सांगतो. हा आजार बरा होत नाही. म्हणजे औषध लागू पडतंय की नाही हे बघायला आपल्याकडे दिसण्यासारखं फार थोडं असतं. मांजर तर आजार लपवण्यात पटाईत, शेवटपर्यंत शेपूट वर करून फिरतं. माणसाच्या उभ्या काट्यावर त्याला कडेवर घेऊन उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं, ही पद्धत मला कित्येकांनी सुचवली. त्या काट्याला शंभर ग्रॅम कळतच नाहीत. आणि साडेतीन किलोच्या बोक्याचे शंभर ग्रॅम म्हणजे सत्तर किलोच्या माणसाचे दोन किलो. माणसाचे एका आठवड्यात दोन किलो उतरले तर घरात धावपळ होईल की नाही?

वापरायची रीत. काट्यावर भाजीची प्लास्टिकची टोपली ठेवायची, शून्याचं बटण दाबायचं, मग बोका आत. रविवारी सकाळी, खाण्याच्या आधी, दर वेळी हीच वेळ. एक बारीक गोष्ट इथं लक्षात ठेवावी. दामू टोपलीत बसला की शेपूट कडेवरून खाली सोडतो आणि तिचं टोक टेबलावर टेकतं. तेवढ्यानं आकडा तीस-चाळीस ग्रॅमनं खाली येतो. घुरघुरायला लागला की आकडा नाचतो. म्हणून शेपूट अलगद उचलून आत ठेवायची आणि आकडा स्थिर होईपर्यंत हात लावायचा नाही. वही करायची: तारीख, वजन, काय खाल्लं, गोळी गेली की नाही. माझ्याकडे जुनी बिन कार्डं, म्हणजे स्टोअरमधली मालाच्या नोंदीची कार्डं, शिल्लक होती, त्यावरच लिहितो: आवक, जावक, शिल्लक. डॉक्टरांनी पहिल्यांदा ते कार्ड बघितलं आणि म्हणाले, ‘काका, माझ्या माणसांच्या डॉक्टर मित्रांचे पेशंटसुद्धा एवढं लिहून आणत नाहीत.’ मी वर वर काही बोललो नाही, पण बरं वाटलं.

या कार्डामुळेच एकदा वेळेत कळलं. वजन तीन रविवार ओळीनं उतरलं, खाणं वरवर नेहमीचं. हिरड्या बघितल्या तर गुलाबी जाऊन सायीसारख्या पांढुरक्या. रक्त तपासलं. रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण, ज्याला पीसीव्ही म्हणतात, चांगल्या मांजराचं साधारण 30 ते 45 टक्के असतं. दामूचं 19.

इथं टॉनिकवाल्यांचा हिशोब करून टाकतो. रक्त कमी म्हटलं की जो तो लोहाचं टॉनिक सुचवतो. दोन बाटल्या तर लोकांनी घरी आणून दिल्या. ल्युकेमियातला रक्ताचा तुटवडा बहुतेक वेळा लोह कमी म्हणून नसतो. विषाणू हाडांच्या मगजात बसलेला असतो, आणि रक्त तिथंच तयार होतं. आमच्या भाषेत, स्पेअर भरपूर आहेत पण वर्कशॉपच संपावर आहे. तिथं आणखी स्पेअर पाठवून काय होणार? ‘इम्युनिटी बूस्टर’ थेंब, पावडरी, लायसिनची पेस्ट, सगळं याच खणात. लायसिन एकेकाळी मांजरांच्या सर्दीवर सर्रास द्यायचे, आता पशुवैद्य त्याचा उपयोग होत नाही म्हणतात, पण दुकानाच्या फळीवरून ते काही हललेलं नाही. मी एक इम्युनिटीचे थेंब घेतले होते, महागाचे. बाटलीवर सगळं होतं, फक्त आत काय किती आहे ते नव्हतं. कार्डावर महिनाभर त्यांच्यासमोर वजनात काही फरक नाही, आणि त्याचा वास लागलेलं खाणं दामू हुंगून बाजूला व्हायचा. नापास, आणि थोडा राग धरून नापास. बऱ्या न होणाऱ्या आजाराच्या माणसाला काय विकता येतं, ते या फळीवाल्यांना बरोबर कळतं.

मग दामूचं 19 वर कशानं आलं? सगळा दोष ल्युकेमियाच्या माथी मारून डॉक्टर थांबले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. रक्ताचा एक थेंब काचेवर पसरून बघितला आणि म्हणाले, मायकोप्लाझ्माची शंका आहे. हा तांबड्या पेशींना चिकटून बसणारा जंतू, पिसवांमार्फत येतो असं मानतात, आणि प्रतिकार कमी असलेल्या मांजरात हातपाय पसरतो. याच्यावर औषध आहे: डॉक्सिसायक्लिन, तीन-चार आठवडे. अगदी साधं, स्वस्त. गोळ्या पूर्ण झाल्यावर पीसीव्ही 26. ल्युकेमिया होता तिथंच आहे. पण त्याच्या आडून आत शिरलेला चोर पकडता येतो, आणि या आजारात मांजराचे दिवस बहुतेक अशा चोरांना पकडूनच वाढतात.

डॉक्सिसायक्लिनवरून गोळी देण्याच्या अवजारांकडे येतो. पेट शॉपमध्ये ‘पिल पॉपर’ मिळतो, पुढं रबराचं टोक असलेली प्लास्टिकची नळी. माझ्याकडं आलेल्याचं रबर दामूनं दुसऱ्या दिवशी दातानं काढून गिळायच्या बेतात आणलं. नापास. गोळी खाण्यात चुरून घालणं, तेही नाही, कारण ही गोळी कडू आणि दामू हुशार. चाललं ते असं: जुना टर्किश टॉवेल, मान सोडून सगळा गुंडाळायचा, डाव्या हाताच्या अंगठ्यानं आणि मधल्या बोटानं गालफडं धरून डोकं वर, खालचा जबडा आपोआप सैल होतो, गोळी जिभेच्या मागं. आणि त्यानंतर लगेच सुई नसलेल्या सिरिंजनं पाच-सहा मिलि पाणी, गालाच्या बाजूनं, हळूहळू. पाणी चुकवायचं नाही. डॉक्सिसायक्लिनची कोरडी गोळी मांजराच्या अन्ननलिकेत अडकली तर तिथं जखम होते आणि पुढं नळी आवळत जाते. एक आजार बरा करताना दुसरा विकत घ्यायचा. सिरिंज मेडिकलमध्ये दहा रुपयांच्या आत मिळते. तिला पैकीच्या पैकी.

गोळ्यांचाच विषय निघाला म्हणून दोन धोके. घरातली पॅरासिटामॉल मांजराला कधीही देऊ नये, अर्धीसुद्धा नाही. तापलंय म्हणून देतात आणि मांजर जातं. दुसरं, कुत्र्यांसाठी मानेवर टाकायचे गोचिडांचे थेंब. त्यातल्या बऱ्याचशांत परमेथ्रिन असतं, ते मांजराला विष. पिसवांसाठी मांजराचंच औषध, तेही डॉक्टरांनी वजन बघून दिलेलं.

ताप बघायला माणसाचा डिजिटल थर्मामीटर चालतो, टोक लवचीक असलेला घ्यावा. मागून लावायचा, थोडं व्हॅसलिन लावून. मांजराचं नेहमीचं तापमानच 100.5 ते 102.5 फॅरनहाइट असतं, आपल्या मापानं ते तापलेलंच वाटतं. आमच्या थर्मामीटरवर मी लाल मार्करनं मोठ्या अक्षरात ‘दामू’ लिहिलंय आणि तो वेगळ्या डब्यात ठेवलाय. नातवंडं सुट्टीला येतात.

खाण्याबद्दल. ल्युकेमियाच्या मांजरांना तोंडाचे त्रास फार, हिरड्या सुजतात, फोड येतात. दामू कोरड्या खाण्याचा एक दाणा उचलायचा, टाकून द्यायचा, पंजानं गाल पुसायचा. हे बघितलं की समजावं की भूक आहे, तोंड दुखतंय. अशा दिवसांत रॉयल कॅनिनचा रिकव्हरी नावाचा डबा चांगला निघाला. 195 ग्रॅमचा डबा, आत मऊ मूस, जरा पाण्यात कालवला की सिरिंजमधून जातो. कुत्र्या-मांजरांना दोघांनाही चालतो. महाग आहे, रोज घालायला परवडणारा नाही, आणि रोजसाठी तो आहेही असं नाही. आजारातून उठताना, चार-आठ दिवस. फोडलेला डबा फ्रिजमध्ये झाकून ठेवायचा आणि दोन-तीन दिवसांत संपवायचा. द्यायच्या वेळी वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करायची. मांजर नाकानं जेवतं. सर्दीनं नाक चोंदलेलं असेल तर फ्रिजमधून काढलेल्या गार खाण्याकडे ते बघणारही नाही. कोमट केलं की वास सुटतो, तो सगळ्या घरात सुटतो ही गोष्ट वेगळी. सौ. शाकाहारी. त्या वेळी त्या देवघरात जाऊन बसतात आणि उदबत्ती लावतात.

एरवी उकडलेलं चिकन, मीठ-मसाला काही न घालता, आणि त्याच्या बरोबरीनं मांजराचंच तयार ओलं खाणं. नुसत्या चिकनवर मांजर निभत नाही, टॉरिन आणि बाकी बरंच लागतं, ते तयार खाण्यात असतं. कच्चं मांस, कच्ची मासळी, कच्चं अंडं या मांजरांना अजिबात नको, यांची प्रतिकारशक्ती आधीच लंगडी. आमच्या भागात आणखी एक सांगावं लागतं: पातेल्यातला उरलेला रस्सा. ‘मांजराला घाला की’ म्हणून शेजारून प्रेमानं येतो. त्यात कांदा-लसूण. कांद्यानं मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. ज्याचं रक्त आधीच कमी त्याला तो रस्सा म्हणजे सरळ घाव. मी तो घेतो, आभार मानतो, आणि स्वतः भाकरीबरोबर खातो.

आता सलाइन. हे लिहू की नको असा विचार केला, कारण वाचून कुणी आपल्या मनानं करायला जाऊ नये. डॉक्टरांनी समोर करून दाखवलं, माझ्याकडून करून घेतलं, किती मिलि ते लिहून दिलं, तेव्हाच घरी सुरू केलं. ताप येऊन खाणंपिणं सुटलं की अंगातलं पाणी कमी होतं, तेव्हा मानेमागच्या सैल कातडीखाली रिंगर लॅक्टेट द्यायचं. रोज द्यायची ही चीज नव्हे, आणि रक्त कमी असताना पाणी जास्त झालं तर उलटं पडतं. साखरेचं सलाइन कातडीखाली देत नाहीत, हे डॉक्टरांनी दोनदा बजावलं.

सामान सगळं माणसांच्या मेडिकलमधलं. मी मिरजेला जातो, तिथं दवाखान्यांच्या आजूबाजूला इतकी मेडिकल आहेत की वस्तू मिळाली नाही असं होत नाही. पहिल्यांदा बिल करताना काउंटरवरच्या पोरानं विचारलं, ‘पेशंटचं नाव?’ मी म्हटलं, दामू. ‘वय?’ तीन. त्यानं चिठ्ठी पुन्हा बघितली, माझ्याकडं बघितलं. ‘काका, लहान बाळाला सलाइनचे हे सेट चालणार नाहीत.’ सांगितल्यावर मागं जाऊन मालकाला घेऊन आला. मालकाच्या घरी दोन मांजरं निघाली. तेव्हापासून एमआरपीवर थोडं कमी लावतात. सेवा उत्तम.

सुई वीस नंबरची. बारीक सुई बरी असेल असं वाटतं, पण बारीक सुईनं पाणी इतकं हळू जातं की मांजराचा धीर आधी संपतो. दर वेळी नवी सुई. बाटली आधी कोमट पाण्यात ठेवायची, आपल्या मनगटावर लावून बघायची, आणि खिडकीच्या वरच्या खुंटीला टांगायची. टेबलावर तोच टॉवेल. कातडीचा तंबू करायचा, त्याच्या पायथ्याशी सुई. आत गेली की खांद्यांमध्ये लिंबाएवढा, मग मोसंब्याएवढा फुगवटा येतो. तो हळूहळू पुढच्या पायाकडे उतरतो आणि काही तासांत जिरतो. पहिल्यांदा उतरलेला फुगवटा बघून सौ. घाबरल्या होत्या. आता त्याच बाटली धरतात आणि दामूशी बोलत राहतात, काय बोलतात ते मी लिहिणार नाही.

पिंजरा, म्हणजे प्रवासाची पेटी. कापडी, चेनवाली पिशवी घेऊ नका. ऑनलाइन मागवली होती, दिसायला झकास, जाळीची खिडकी, खांद्याला पट्टा. कोल्हापूरला रक्ताच्या तपासणीला नेताना स्टँडवर आतून नखानं चेन सरकवून दामूनं डोकं बाहेर काढलं. पकडला, पण माझाच पीसीव्ही त्या दिवशी खाली आला असेल. परत पाठवायला गेलो तर ‘वापरलेली वस्तू घेत नाही’. मग कडक प्लास्टिकची घेतली, वरचा अर्धा भाग क्लिप काढून उचलता येतो अशी. याचा फायदा दवाखान्यात कळतो. बोका तळाच्या भागात आपल्या चादरीवर बसलेलाच असतो, आणि डॉक्टर वरून तपासतात. ओढून बाहेर काढायचं भांडण नाही. एसटीतून मांजर नेण्याच्या नियमांबद्दल माझं मत विचारू नका, मी जुना कर्मचारी आहे.

खिडक्यांना जाळी हवीच. हा बोका बाहेर गेला तर गल्लीतल्या मांजरांना आजार देणार आणि त्यांच्याकडून नवे घेऊन येणार. डासांची नायलॉनची जाळी नखापुढं टिकत नाही. फॅब्रिकेटरकडून लोखंडी बारीक जाळी चौकटीत बसवून घेतली. एकदाच खर्च, पास. रेतीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. धूळ न उडणारी घ्या, वासवाली घेऊ नका.

लसीबद्दल दुकानदार काहीही सांगतात, म्हणून स्पष्ट लिहितो. आपल्याकडे जी ट्रायकॅट म्हणून लस मिळते ती तीन वेगळ्या आजारांची आहे. ल्युकेमिया त्यात नाही. ल्युकेमियाची वेगळी लस परदेशात 1985 पासून आहे, पण ज्याला आजार झाला त्याला तिचा उपयोग नाही. कुणी ‘ही लस मारा, बरा होईल’ म्हणालं तर पिशवी उचलून निघायचं.

राहिले डॉक्टर. आमच्याकडे जनावरांचा दवाखाना म्हणजे म्हशी आणि बैल, आणि त्यात गैर काही नाही, जिल्ह्याचं पोट त्यावर आहे. एका ठिकाणी दामूला धरायला दोन माणसं आली, म्हशीला धरणारीच. एकानं पुढचे पाय, एकानं मागचे, टेबलावर सरळ ताणला. दामूनं त्यातल्या एकाचा अंगठा फोडला आणि आम्ही तपासणी न करताच परत आलो. मांजराचा डॉक्टर ओळखायची माझी कसोटी आता ठरलेली आहे: तो मांजराला पेटीतून बाहेर काढायच्या आधी पाच मिनिटं आपल्याशी बोलतो का, वजन करतो का, आणि हिरड्या बघतो का. सध्याचे आमचे डॉक्टर तरुण आहेत, दवाखाना एका खोलीचा, बाकावर कुत्री आणि मांजरं शेजारी शेजारी बसतात एवढा एकच दोष. तोही त्यांनी ऐकला. मांजरवाल्यांना दुपारी बोलावतात आता. नाव इथं घालू का विचारलं तर हात जोडले, आहे तीच गर्दी आवरत नाही म्हणाले.

त्यांच्यात मला आवडलं ते असं की काय देणार नाही हेही ते सांगतात. रक्त चढवण्याची वेळ आली तर काय, हे मी आधीच विचारून ठेवलंय. मांजरांचे रक्तगट ए, बी आणि एबी. गट न बघता चढवलं तर दगावू शकतं. मांजरांची रक्तपेढी आपल्या आवाक्यात नाही, म्हणजे निरोगी, ल्युकेमिया नसलेलं, धष्टपुष्ट मांजर शोधून ठेवायचं. मिरजेच्या मेडिकलवाल्यांनी आपल्या एका बोक्याचं नाव स्वतःहून दिलं. साडेपाच किलोचा आहे. मी त्याचंही कार्ड केलंय.

किती दिवस, हेही विचारलं होतं. बऱ्याच मांजरांना निदानानंतर दोन-तीन वर्षं मिळतात, काहींना बरीच जास्त, म्हणाले, आणि दामू कुठल्या रांगेत आहे ते मला माहीत नाही. एवढं सरळ उत्तर देण्याची फी त्यांनी वेगळी घेतली नाही.

शेवटी साठ्याबद्दल. स्टोअरमध्ये आम्ही महत्त्वाच्या मालाचा सहा महिन्यांचा साठा ठेवायचो. मांजराच्या बाबतीत तसं करू नका. ऑफर लागली म्हणून ओल्या खाण्याची अख्खी पेटी आणाल, आणि तिसऱ्या दिवशी ती चव नको होईल. आजारी मांजराचं असंच असतं, ज्या खाण्यावर उलटी झाली ते पुन्हा बघत नाही. पंधरा दिवसांचं आणा, तारीख बघून आणा. सलाइनचे सेट आणि सुया मात्र थोड्या जास्त ठेवाव्यात, रात्री लागतात. सांगली-मिरजेत कुणाला अडीअडचणीला वीस नंबरच्या सुया हव्या असतील तर माझ्याकडे आहेत. आणि ट्यूना चवीची पाकिटंही आहेत, अजून तारीख न उलटलेली, दामूनं पूर्णपणे नाकारलेली. फुकट घेऊन जा.